गडावर गेला तो कोण

साळूअक्का जीपमधनं उतरली ती बोलतच उतरली. "एका अंगठ्यासाठी मला जतवरनं ओढत आणलीस व्हय रं आप्पासो? आदी सांगितलं आसतंस तर अंगठाच तोडून एसटीनं पाठवला आसता की!"

आप्पासो खो-खो हसला. पोर्चमध्ये खुर्चीवर बसलेला तात्याबा मात्र हसला नाही. थोरली बहीण दोन वर्षांनी दारात आलेली. एरवी तो काठी टाकून पुढं धावला असता. आज त्यानं खुर्ची सोडली नाही. ब्याऐंशी वर्षांची म्हातारी, कंबरेत वाकलेली, पण तोंडाचा पट्टा तसाच. ती पायऱ्या चढून आली, भावाच्या गालावरनं हात फिरवला आणि म्हणाली, "लय वाळलास रं तात्या. सून जेवाय घालती का न्हाई?" आणि उत्तराची वाट न बघता आत गेली.

तात्याबा तसाच बसून राहिला. तीन दिवस झाले, त्याच्या घशाखाली घास नीट उतरत नव्हता. सून म्हणत होती, पित्त झालं असेल. पित्त कसलं? तीन दिवसांपूर्वी इटलीहून पत्र आलं होतं.

गोरडांच्या घरात 'गड' म्हटलं की रायगड नाही आणि प्रतापगडही नाही. गड एकच. समुद्रकाठच्या कुठल्याशा शहराच्या डोक्यावर, डोंगराच्या टोकाला असलेला, घरातल्या कुणीही न पाहिलेला इटलीतला गड. दुसऱ्या महायुद्धात तात्याबाचा चुलता बिराप्पा तिथं पडला, एकवीस वर्षांचा असताना. फोटो नाही, हाडं नाहीत, नुसतं नाव. पण त्या नावावर घर तरलं होतं. दसऱ्याला गावची पालखी सोनं लुटून परत येताना सगळ्यांत आधी गोरडांच्या दारात थांबायची, आणि सरपंच कुणीही असो, पहिलं आपट्याचं पान याच उंबऱ्यावर ठेवायचा. आता आप्पासोनं त्याच्यावर कळस चढवायचं मनावर घेतलं होतं. तात्याबाचा हा थोरला लेक, वीस वर्षं कोइमतूरला जुनं सोनं गाळायचा, गलाईचा धंदा करतो. विट्याकडचे गलाईवाले गावात देऊळ बांधतात, शाळेला खोल्या बांधतात. आप्पासो कमान बांधत होता. 'हुतात्मा बिराप्पा धोंडी गोरड प्रवेशद्वार'. खांब उभे राहिले होते, अक्षरं कोरायची बाकी होती, आणि दसऱ्याला उद्घाटन.

त्यात हे पत्र. त्या गडावर आता संग्रहालय झालंय म्हणे, आणि तिथं मेलेल्या हिंदुस्थानी शिपायांची नावं दगडावर कोरणार आहेत. आप्पासोची लेक सोनम साताऱ्याला इतिहास शिकते. तिनंच दोन वर्षं पत्रांवर पत्रं पाठवून हे सगळं जुळवून आणलं होतं. जवळच्या दोन हयात नातेवाइकांच्या सह्या हव्या होत्या, नाव बरोबर आहे म्हणून. हयात दोघंच: तात्याबा आणि साळूबाई.

"आबा, आत या ना. सुरू करायचंय," सोनमनं हाक मारली.

हॉलमध्ये साळूअक्का सोफा सोडून खाली भिंतीला टेकून बसली होती. सोनम तिच्या शेजारी, मांडीवर लॅपटॉप. आप्पासो उभाच. तात्याबा दाराजवळच्या खुर्चीवर बसला. तिथून उठून जाता येईल, असं त्याला उगीचच वाटलं.

"आदी त्यो गड दाव मला," साळूअक्का म्हणाली. "जल्मभर ऐकतीया."

सोनमनं पडदा तिच्याकडं वळवला. खाली निळा समुद्र, कडेनं शहर, आणि त्याच्यावर उभाच्या उभा डोंगर. टोकाला करड्या दगडाची भिंत.

"पाचशे वर्षांपूर्वी इथं नुसता एक बुरूज होता, आक्काआजी. समुद्रातनं चाचे यायचे. ते दिसले की बुरुजावर जाळ करायचा, म्हणजे खालचं शहर पळून डोंगरात जायचं. मग एका राजानं तटबंदी बांधली. पुढं तोफा आल्या. या बघा, या लोखंडी रुळांवर फिरायच्या. पण फिरायच्या त्या फक्त समुद्राकडं."

"आन् मागं?"

"मागं काहीच नाही. मागचा कडा एवढा उभा की तिथनं माणूस येईल असं कुणाला वाटलंच नाही. भिंतसुद्धा बांधली नाही. पाचशे वर्षं सगळे समुद्राकडं तोंड करून बसले. आणि या पाचशे वर्षांत समुद्राकडनं मोठा हल्ला असा झालाच नाही."

"आता गं बया!" साळूअक्का हसली. "राखण कुणीकडं आन् कोल्हा कुणीकडं."

"जर्मन लोक गडावर बसले होते. खालचं बंदर त्यांच्या माऱ्यात. आपले मराठे शिपाई जमिनीकडनं आले. सरळ वाटेनं दोनदा चढले, दोनदा माणसं पडली. मग..." सोनमनं कागद काढला. "हे त्यांच्या साहेबानं लिहिलेलं आहे. मी मराठी केलंय. 'शिपाई बिराप्पा याने मागच्या कड्यावर शेळ्या चढताना पाहिल्या. तो म्हणाला, जिथे दुभती शेळी जाते तिथे माणूस जातो. पहाटे धुक्यात तो सर्वांत पुढे होता. मागच्यांना वाट कळावी म्हणून तो जिभेने विशिष्ट आवाज काढत होता, जसा मेंढपाळ काढतात. पहिल्या वीस जणांना त्याने वर नेले. गड आमच्या ताब्यात आला तेव्हा तो तटाच्या आत पडलेला सापडला.'"

आप्पासोचे डोळे भरून आले. गडी तसा हळवा. "वाघ हुता वाघ! आक्काआत्ती, आपल्या रक्तातला वाघ!"

तात्याबानं मान खाली घातली. दुभती शेळी जिथं जाते तिथं माणूस जातो. हे वाक्य त्यानं कधी घरात ऐकलं नव्हतं. ज्या माणसानं त्याला वाढवलं, तो माणूस मेंढराच्या मागं साधी टेकडी चढतानाही कडेकडेनं जायचा. उंचीला भ्यायचा.

"आता हे वाचते, मग सही," सोनम म्हणाली. "नाव बिराप्पा धोंडी गोरड. वय एकवीस. अविवाहित. बरोबर?"

"बरुबर," आप्पासोच म्हणाला. "आबा, हितं सही करा."

"थांबा बाबा. एक शंका आहे त्यांची. त्याच्या खिशात एक वस्तू सापडली होती, ती संग्रहालयात ठेवलीय. काय आहे ते त्यांना कळत नाही. तुम्हाला ओळखू येतं का बघा." तिनं फोटो मोठा केला. काळ्या लोकरीचा पिळलेला दोरा, दोन वितींच्या घेराचा, एका जागी गाठ, गाठीत एक तांब्याचा मणी.

साळूअक्कानं चष्मा वर-खाली केला. "अगं, ह्यो करगुटा हाय. तान्ह्या लेकराचा. आमच्यात मेंढीच्या पयल्या कातरनीची लोकर घेऊन आई वळती." ती थांबली. "पण ह्यो तर बिनलग्नाचा पोरगा. ह्याच्या खिशात कुणाच्या लेकराचा करगुटा?"

"नवसाचा आसंल," आप्पासो म्हणाला. "करा सही, आबा. दुपारच्याला इंजिनेर येनार हाय कमानीचा."

पेन तात्याबाच्या हातात आलं. सही करायला किती वेळ लागतो? पाचवी शिकलेला माणूस, सोसायटीच्या कागदांवर सह्या करून हात सरावलेला. पण हात चालेना. समोर म्हातारी बहीण चष्म्यातनं त्या दोऱ्याकडं टक लावून बघत होती, आणि तिला ठाऊक नव्हतं की ती स्वतःच्याच कंबरेचा दोरा बघतेय. चौतीस वर्षं त्यानं तोंड शिवून ठेवलं होतं. माणूस लबाड असला म्हणून काही एवढा लबाड नसतो.

"अक्का," तो म्हणाला, "त्यो तुझा हाय."

"काय माझा?"

"करगुटा. आन् त्यो गडावर गेल्याला बी. त्यो बिराप्पा न्हवं. त्यो म्हाकू हुता. तुझा बाप."

मग आप्पासो पुढं आला. "आवं आबा, साखर कमी झालीया तुमची. म्हाकू म्हंजी आपलं अण्णा. तुमचं वडील. एक्याण्णव साली हितं ह्याच घरात वारलं. सोनम, आबाला लिंबूपानी आन."

"बाबा, बोलू द्या त्यांना," सोनम म्हणाली. जागची हलली नाही.

"काय बोलू द्या? दसरा पंधरा दिवसांवर आलाय!"

"आप्पासो, गप," साळूअक्का म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण आप्पासो गप झाला. "बोल तू, तात्या."

आणि तात्याबा बोलला. चौतीस वर्षं मनात घोळवलेलं बोलायचं म्हणजे माणूस सुरुवात कुठनं करेल? त्यानं बाजारापासनं केली. तेव्हा गोरड आटपाडीच्या वरच्या अंगाला राहायचे, मेंढरं हाच धंदा. बाजारात भरतीवाले आले. धाकट्या बिराप्पाची छाती मोजली, नाव लिहून घेतलं, आठ दिवसांनी अमुक ठिकाणी हजर हो म्हणाले. नाव लिहून झाल्यावर पोराला कापरं भरलं. जेवेना, बोलेना, मेंढरांत जाऊन बसला. थोरला म्हाकू, लग्न झालेला, पाळण्यात सहा महिन्यांची लेक. तो बापाला म्हणाला, मी जातो.

"बाप म्हनला, नाव त्येचं लिवलंय. म्हाकू म्हनला, आवं, सरकारला घरटी एक गडी पायजे. आपुन वाड्यात मेंढरं मोजतो तवा कुठली आली आन् कुठली न्हाई, नावं इचारतो व्हय? आकडा भरला म्हंजी झालं. आन् गेला. बिराप्पा म्हनून गेला."

"आन् मेला," साळूअक्का म्हणाली.

"मेला. तार आली ती बिराप्पा मेला म्हनून. बिराप्पा तर दारात हुबा! आज्जा घाबारला. खरं सांगावं तर पोराला पळपुटा म्हनून फासावर द्येतील, ह्येच डोक्यात. कुणाला इचारणार? साहेबाला? मग ठरलं. मेला त्यो बिराप्पा. जित्ता त्यो म्हाकू, म्हंजी आपला अण्णा. दोगं भाऊ बारमाही मेंढरामागं रानात, कुठला गेला आन् कुठला ऱ्हायला, गावाला कळलं न्हाई. धाव्याला अण्णानं स्वताच्याच नावानं मुंडन केलं, अक्का. स्वताच्याच नावाचा पिंड ठिवला. आन् आई..."



"आईचं सांग."

"आईला आज्जीनं सांगितलं, कुंकू पुसायचं न्हाई. बांगडी फुटली तर दीर फासावर गेला म्हनून समज. धाव्याचा सैपाक आईनं केला. हिरव्या बांगड्या भरून. गावाला वाटलं, दीर मेलाय, भावजय रांधतीया. रडली तर 'दिरासाठी किती जीव टाकती' म्हनायचे लोक. मग वरसाच्या आत ती वाडी सोडली, हिकडं आलो. हितं कुणाला काय ठावं? हितं म्हाकू गोरड आन् त्येची बायको बनाबाई, आन् त्येंची लेक साळू. चार वरसांनी मी झालो." तो थांबला. "मी अण्णाचा. तू म्हाकूची. आई एकच."

सोनमच्या डोळ्यांतनं धारा लागल्या होत्या. साळूअक्काच्या नाही. ती करगोट्याच्या फोटोकडं बघत होती. मग म्हणाली, "अण्णा मेला तवा आईचं कुंकू पुसायला बाया बसल्या. मी न्हवते आलेली. पर मागनं कुणीतरी सांगितलं, बना लय खुळ्यागत करत हुती. म्हनत हुती, सत्तेचाळीस वरसं उशीर केलासा, आता कुणाचं पुसता. मला वाटलं, म्हातारीला भरम झाला."

"मला तवा ठावं हुतं," तात्याबा म्हणाला. हे सांगायची गरज नव्हती, पण त्याला लपवायचा वीट आला होता. "आनि आई त्येच्यानंतर अठरा वरसं जगली. रोज माझ्या तोंडाकडं बघायची. मी कवा इचारलं न्हाई. तिनं सांगितलं न्हाई."

आप्पासो खुर्चीवर मटकन बसला. गडी चिडका होता, वाईट नव्हता. "मग आता? कमानीवर काय लिवायचं? आख्ख्या गावात हासं हुईल. ऐंशी वरसं पालखी दारात थांबती, ती कुणासाठी थांबली म्हनतील? आक्काआत्ती, मी पाया पडतो तुमच्या. घर एकच, रक्त एकच. ह्यो भाऊ न्हाई त्यो भाऊ. बिराप्पाच ऱ्हाऊ द्या."

"बाबा, असं कसं राहू द्या?" सोनम म्हणाली. "पणजीनं आयुष्यभर..."

"तू गप. तुझ्याच कागदांनी ह्ये घर उघडं पाडलं."

"घर मी नाही उघडं पाडलं!"

बापलेकीत जुंपणार असं दिसताच साळूअक्कानं हात वर केला. मोठ्या जमावाला गप करणारी बाई ती, जतकडं चार पोरांचं खटलं तिनं एकटीनं ओढलेलं. "सोनम, त्यो कागद घे. लिव. म्हाकू धोंडी गोरड."

आप्पासोनं मान फिरवली. सोनमनं लिहिलं.

"वय?"

"सव्वीस," तात्याबा म्हणाला.

"लिव. आन् 'अविवाहित' हाय तिथं काट मार. बायको बनाबाई. आन् एक लेक, जित्ती हाय म्हनावं. बारक्या अक्षरात लिवू नगंस."

सोनमनं लिहिलं. साळूअक्कानं शाईत अंगठा बुडवला आणि दाबून उमटवला, हलू नये म्हणून दुसऱ्या हातानं मनगट धरून. मग कागद तात्याबाकडं सरकवला. त्यानं सही केली. हात आता चालला.

सून आतनं जेवायला वाढू का म्हणून विचारायला आली आणि सगळ्यांची तोंडं बघून तशीच परत गेली.

तात्याबा खुर्चीवरनं उठला. गुडघे कुरकुरत होते तरी खाली बसला, बहिणीसमोर, आणि तिच्या पायाला हात लावला. "अक्का, माझं चुकलं. लय मोठी चूक केली. मला वाटलं, म्हातारपनी तुला कशाला तरास. खरं म्हंजी मला बापाची लाज वाटत हुती. लोकं त्येला पळपुटा म्हनतील म्हनून तुझा बाप दाबून ठिवला मी. मारायचं तर मार."

साळूअक्कानं त्याचा हात बाजूला केला नाही, धरलाही नाही. "तुझ्या बापानं मला कवा मांडीवर घेतलं न्हाई, तात्या. तू खांद्यावर बसायचास, मी मागनं चालायची. बाराव्या वरसी मला जतला दिली, उजाड मुलखात. मी म्हनायची, बापाला लेक नको हुती, म्हनून एवढ्या लांब टाकली. आंदन पंचवीस मेंढरं दिली त्येनं. लोकं पाच देत्यात. मला वाटलं, माझ्यापास्नं सुटका झाली म्हनून दिली." तिनं नाक पुसलं. "कवा मारलं न्हाई त्येनं मला. कवा वाईट बोलला न्हाई. नुसता माझ्याकडं बघायचा न्हाई. आता कळतंय, का बघवत न्हवतं त्येला."

"मरायच्या आदी मला समदं सांगितलं त्येनं. आन् म्हनला, साळूला बोलव. तिचं तोंड बघतो."

"आन् तू जीप करून आलास मला न्यायला."

"व्हय."

"अंगनात हुबा ऱ्हाऊन म्हनलास, अक्का, बाप शेवटच्या घटका मोजतोय, तुझं नाव घेतोय. आन् मी म्हनले, जल्मात कवा नाव घेतलं न्हाई, आता कशाला घेतो. न्हाई येत जा." साळूअक्काचा आवाज पहिल्यांदा फुटला. ती भावाच्या पांढऱ्या डोक्याकडं बघत म्हणाली, "तू तवा बाप म्हनलास रं तात्या. चुलता म्हनला आसतास तर मी अनवाणी आले आसते. बापानं जीव लावला न्हाई म्हनून राग हुता माझा. चुलत्यानं पंचवीस मेंढरं दिली, त्येच्यावर कशाला राग धरला आसता मी?"

तात्याबानं तिच्या पायावर डोकं टेकलं. ती उठवेल म्हणून सोनम वाट बघत राहिली, पण साळूअक्कानं त्याला उठवलं नाही.